कापसात बुडालेले सर

आमचे मोठे सर कापसात बुडाले तेव्हा मी तिथे नव्हते, याची चुटपुट मला अजून आहे. फोटो पाहिला, पण फोटो काय, सगळ्यांनीच पाहिला. बँकेनेसुद्धा.

वर्ध्यात आमची सी.ए. फर्म आहे. मोठी म्हणावी तर नागपूरवाले हसतील, लहान म्हणावी तर मोठे सर रागावतील. वरचा अख्खा मजला आमचा आहे, आणि दिवाळीला स्टाफसाठी मिठाई सांगायला गेलं की दुकानदार "लग्न हाये काय जी घरी?" असं विचारतो, एवढी ती फर्म. भागीदार दोन. मोठे सर म्हणजे ज्यांनी ती काढली ते, आणि छोटे सर म्हणजे एकेकाळी त्यांच्याच हाताखाली उमेदवारी करून पुढे भागीदार झालेले. दोघांच्या केबिन शेजारीशेजारी, मध्ये काचेची भिंत. बाहेर हॉलमध्ये पगारी अकाउंटंट, सी.ए. होण्यासाठी शिकणारी आर्टिकलची पोरं, आणि त्या सगळ्यांवर डोळे वटारायला मी, मॅनेजर.

मीही सी.ए. आहे, पण फार उशिरा झाले. निकाल लागला की मी नापास, हे ऑफिसात इतकं रुळलं होतं की कोणी विचारायचंही नाही. मोठे सर म्हणायचे, "जाऊ दे बेटा, चहा घे, अन् ते आर्वीवाल्याचं काम पाहून टाक." छोटे सर आपल्या जुन्या नोट्स माझ्या टेबलावर ठेवून, न बोलता निघून जायचे. नापास असताना ज्यांनी सांभाळलं त्यांच्यावर जीव जडतो. माझा दोघांवरही जडला होता, आणि पुढचा सगळा घोळ मी त्यापायीच घातला.

लोकांना वाटतं आम्ही दिवसभर हिशेब तपासतो. खरं तर आम्ही दिवसभर ओटीपी मागतो. क्लायंटचं रिटर्न भरायचं तर ओटीपी त्याच्या फोनवर येतो, पण आमचे रोहण्याचे कृषी केंद्रवाले वावरात गेलेले असतात आणि त्यांचा फोन घरी असतो. मी फोन केला की त्यांची बायको म्हणते, "मोबाईलवर तर सांगून राह्यले का नंबर कोणाले देऊ नका, मंग तुमाले कसा देऊ?" मी म्हणते, "वहिनी, मी आहे." त्या म्हणतात, "ते तर चोर बी म्हन्ते." मग मी त्यांच्या मुलीचा कितवा महिना चाललाय ते विचारते, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटते. अर्ध्या जिल्ह्यातली बाळंतपणं मला अशीच ठाऊक आहेत.

या सगळ्यापेक्षा मजेचं काम म्हणजे जिनिंगमधला, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातला, साठा पाहणं. बँक जिनिंगवाल्याला कापसावर कर्ज देते आणि कापूस खरंच जागेवर आहे का, ते बघायला अधूनमधून आम्हाला धाडते. यात आमच्याकडे दोन संप्रदाय होते. मोठे सर चप्पल काढून थेट ढिगावर चढायचे, कमरेवर हात ठेवून चौफेर बघायचे आणि अंदाज सांगायचे. "ढिगावर उभं राह्यलं का ढीग सोताच सांगते," हे त्यांचं म्हणणं. छोटे सर टेप लावायचे, कागदावर आकृती काढायचे आणि प्रत्येक ढिगाचा फोटो घ्यायचे. फोटोत उंची कळावी म्हणून ढिगाजवळ आर्टिकलच्या एखाद्या पोराला उभं करायचे. त्या पोराची उंची खाली लिहिलेली असायची. त्यांचे सगळे फोटो एका जागी साठायचे आणि तिथून आपोआप अहवालात जायचे.

तर त्या दिवशी हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये मोठे सर नेहमीसारखे ढिगावर चढले. कापूस नुकताच उतरवलेला, पोकळ, अजून दबलेला नव्हता. ढिगाने काही सांगायच्या आत सर काखेपर्यंत आत गेले. हात वर, चष्मा नाकावर जसाच्या तसा, आणि चेहऱ्यावर सगळं नियमानुसार चाललं असल्याचा शांतपणा. हमाल शिडी आणायला धावले. शिडी येईपर्यंत छोट्या सरांनी काय करावं? फोटो घेतला.

तो फोटो बाकीच्या फोटोंसोबत जिथे जायचा तिथे गेला, तिथून अहवालात शिरला आणि अहवाल बँकेत पोचला. "साठ्याची प्रत्यक्ष पाहणी" अशा मथळ्याखाली आमच्या फर्मचे संस्थापक, छातीपासून वर. छोटे सर शपथेवर सांगतात की हे मुद्दाम नव्हतं. मी त्यांच्यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवते.

बँकेच्या मॅनेजरचा फोन मोठ्या सरांनाच आला. "अहवाल भेटला सर. एकच विचारायचं होतं. ढिगाचं वजन तुमाले धरून घेतलं का वजा करून?"

सर फोन ठेवून उठले आणि शेजारच्या केबिनच्या दारात उभे राहिले. हॉलमधले सगळे की-बोर्ड बंद पडले.

"काऊन पाठवला तो फोटो?"

इथे छोट्या सरांनी "चुकलं सर" एवढं म्हटलं असतं तर संध्याकाळी दोघांनी मिळून समोसे खाल्ले असते. पण मुळात तो माणूस ऑडिटर. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "सर, पुरावा म्हणून तो फोटो खरंच चांगला आहे. ढिगाची खोली कळते."

माफीच्या जागी खुलासा देणं आमच्या धंद्यातल्या माणसालाच जमतं. त्या दिवसापासून दोघं बोलेनासे झाले. काचेच्या भिंतीला मोठ्या सरांनी आतून कॅलेंडर टांगलं. दुसऱ्या दिवशी छोट्या सरांनी त्यांच्या बाजूने दुसरं टांगलं. मग एक एक करून दोघांनीही मला आत बोलावलं आणि जवळजवळ त्याच शब्दांत तेच सांगितलं: फर्म वेगळी करायची. आर्वीकडची कामं मोठ्या सरांकडे, हिंगणघाट-समुद्रपूरकडची छोट्या सरांकडे. छोट्या सरांनी तर जाम गावच्या चौकात जागाही बघून ठेवली होती. वाटणीचा मसुदा मी करायचा, कारण माझ्यावर दोघांचाही भरवसा. मी स्वतः कुठे जायचं हे त्यांनी विचारलं नाही. दोघांनीही ते धरूनच चाललं होतं, प्रत्येकाने आपल्या बाजूने.

मी त्या दुपारी डबा उघडला नाही. मला फर्म मोडायला नको होती. एकाची झाले असते तर दुसऱ्याला पाठ दाखवल्यासारखं झालं असतं, आणि ते मला जन्मात जमलं नसतं. पण पगारी माणूस भागीदारांना "मोडू नका" म्हणू शकत नाही. तो एकच गोष्ट करू शकतो, शंका काढू शकतो. आमच्याकडे तिला क्वेरी म्हणतात. क्वेरी निघाली की तिचं उत्तर मिळेपर्यंत काम पुढे सरकत नाही. त्यातून मोठ्या सरांनी फर्म काढली तेव्हापासूनचा नियम असा की क्वेरीचं उत्तर फोनवर घ्यायचं नाही, चिठ्ठीवर घ्यायचं नाही, संबंधित सगळ्यांना समोरासमोर बसवून घ्यायचं. भिंतीआडून कोणीही काहीही ठोकून देतो, असं ते म्हणायचे. हा नियम छोट्या सरांच्याही हाडीमाशी भिनला होता.

मी पहिली क्वेरी काढली कूलरची. कूलर मोठ्या सरांनी घेतला, पण बसवला छोट्या सरांनी आणि त्याची हवा जाते टायपिंगवाल्या मावशींना. तो कोणाचा? दोघं माझ्या टेबलाशी येऊन बसले. एकमेकांकडे न बघता, माझ्याशी बोलत.

"यांले सांग, कूलर घेऊन जाजो म्हणा."

"मॅडम, सरांना सांगा, मला नको. माझ्याकडे जामला हवा भरपूर आहे."

कूलर असा दोघांनीही सोडला आणि क्वेरी उघडीच राहिली. मग मी अल्लीपूरच्या एका क्लायंट कुटुंबाची काढली. थोरला भाऊ हिंगणघाटकडे, अल्लीपूरला शेती आणि खताचं दुकान बघतो, धाकट्याचं दुकान आर्वीत, आणि दोघांचं सगळं एकत्र. आता यांना कापायचं कुठून? यावर चांगला तासभर गेला. हॉलमधल्या मंडळींना वारं लागलं, तशी तीही क्वेऱ्या आणून देऊ लागली. दिवाळीच्या पूजेतली चांदीची वाटी कोणाची? खालचा पानठेलेवाला ओळखीने पार्किंगची जागा धरून ठेवतो, ती ओळख कोणाच्या नावावर? टायपिंगवाल्या मावशींनी तर लेखी विचारलं की त्यांचं गुडघ्याचं दुखणं कोणत्या फर्मच्या वाट्याला जाणार.

सगळ्यात जालीम क्वेरी मात्र माझी. मोठ्या सरांची डिजिटल सही एका पेनड्राइव्हमध्ये असते. तिचा पासवर्ड त्यांच्या कधीच लक्षात राहिला नाही, तो छोट्या सरांना पाठ. छोट्या सरांची तशीच सही मोठ्या सरांच्या ड्रॉवरमध्ये, कारण छोटे सर वस्तू हरवतात. म्हणजे दोघांनाही दुसऱ्यावाचून सही करता येत नव्हती. हे मी मांडलं तेव्हा पहिल्यांदा दोघांनी चुकून एकमेकांकडे बघितलं आणि घाईघाईने नजर फिरवली. मला गुदगुल्या झाल्या. ड्रॉवरची किल्ली त्या दिवशी काही केल्या सापडली नाही, आणि ती हरवण्यात माझा हात नव्हता, एवढं तरी माझ्या बाजूने नोंदवून ठेवते.

पण दोघंही शेवटी ऑडिटर. छोट्या सरांच्या लक्षात आलंच. एका दुपारी तिघं बसलो असताना त्यांनी माझा मसुदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, स्टाफच्या वाटणीत एक नाव नाई. तुमचं."

मोठे सर म्हणाले, "त्यात काय पाह्यचं? ते माह्यासंग राहीन. आर्वीवाल्या साऱ्या फाईली तिलेच ठाऊक."

"हिंगणघाटचं सारं कोण पाहून राह्यलं मंग? मॅडम जामला येतील."

"कायले येईल? जामले काय हाये?"

"हायवे आहे."

इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच थेट एकमेकांशी बोलत होते, आणि विषय मी. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. कूलर नको म्हणून दोघांनी ढकलला होता, आणि मला हवी म्हणून ओढत होते, पण विचारलं आम्हा दोघांपैकी कोणालाच नाही. ना कूलरला, ना मला.

"मी कोणाकडेच येत नाही," मी म्हणाले. "तुम्ही वेगळे झालात तर मी माझी पाटी लावते. सी.ए. मीही आहे."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. माझ्याच तोंडून ऐकून मी दचकले. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याचाही राग आला.

मोठ्या सरांनी हळूच छोट्या सरांना विचारलं, "मंग क्लायंट कोणाकडे जातीन?"

"मॅडमकडे, सर."

"सारेच?"

"ज्यांच्याकडून ओटीपी मागावा लागते, ते."

"म्हंजे सारेच."

मग मोठे सर माझ्याकडे वळले. "इतक्या वर्षांचं हे फळ दिलं काय बेटा आमाले?" त्यांना श्वास घ्यायला थांबावं लागलं तेव्हा छोट्या सरांनी पुढचं उचललं. "सरांनी तुमच्यासाठी काय नाई केलं, मॅडम? तुम्ही नापास व्हायच्या तेव्हा दुसऱ्या कोणी ठेवलं असतं काय?" मोठे सर म्हणाले, "अन् याने आपल्या नोट्स दिल्या तुले. ते तरी ध्यानात ठेवाचं." दोघं आळीपाळीने, एकमेकांना दुजोरा देत, मला झाडत होते. हॉलमध्ये कोणीतरी तोंडात रुमाल कोंबल्याचा आवाज आला. मी रडत होते आणि मला हसूही येत होतं, आणि त्या दोन्हींतलं काही आवरेना.

शेवटी मोठ्या सरांनी विचारलं, "मंग तुले पाह्यजे तरी काय?"

"केबिन," मी म्हणाले. सुचलं ते बोलले.

जामच्या चौकातल्या त्या जागेत आता टायरचं दुकान आहे. काचेची भिंत कॅलेंडरांसकट निघाली आणि तिच्या जागी दोन भिंती आल्या, मध्ये मी. दोघांच्याही केबिन दोन-दोन हात लहान झाल्या. मोठ्या सरांची खुर्ची आता मागे घेता येत नाही, छोट्या सरांचं दार अर्धंच उघडतं. दोघं चहाच्या वेळी माझ्या दारात उभे राहून याबद्दल मिळून कुरकुर करतात. मी खाली मान घालून काम करत असल्याचं दाखवते.

मी त्या दिवशी धमकी दिली असं हॉलमधल्यांना वाटतं, आणि मीही त्यांना तसंच वाटू देते. पण मी गेलेच असते. पाटीवर काय लिहायचं तेही त्या रडण्यात माझ्या डोळ्यांपुढे आलं होतं. दोघांनी इतकी वर्षं माणसांची खरी-खोटी उत्तरं समोर बसून ऐकली आहेत, त्यांना ते तेव्हाच कळलं असणार. सुतार दुसऱ्या दिवशी सकाळीच आला.