सत्तर बारीक की ऐंशी जाड

ठासणीच्या बंदुकीत काय ठासायचं, हे डेलमार हेट्रिक हार्डवेअरच्या काउंटरमागे उभा राहून चाळीस वर्षं लोकांना शिकवत आला होता. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात नाताळ उलटला की साध्या बंदुका कपाटात जातात आणि गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या जुन्या बंदुका बाहेर निघतात. मग गावातली माणसं खिळे घ्यायच्या निमित्तानं येत आणि हळूच विचारत, "मास्तर, यंदा किती घालू?"

मास्तर खुलायचे. "बारीक दारू चटकन पेटते, पण गोळीला ढुशी मारते. जाड दारू सावकाश ढकलते. गोळी मऊ शिशाचीच हवी आणि भोवतीची चिंधी पलंगपोसाच्या जाडीची. शर्टाची चालणार नाही."

लोक ऐकत, तसंच करत आणि हरणं घेऊन येत. डेलमार मात्र दरवर्षी हात हलवत परतायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत तो स्वतःच म्हणून मोकळा व्हायचा, कारण साठाव्या वर्षी माणसाला तेवढी तरी घाई जमते.

हेट्रिकांच्या जंगलातल्या केबिनमध्ये वडिलांच्या वेळेपासूनचा रिवाज होता. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कात्रीनं कापायचं, वर साल लिहायचं आणि भिंतीवर ठोकायचं. भिंतीवर डेलमारची एकोणीस शेपटं होती. त्याची बायको लोरेटा चर्चच्या जुन्या बाजारातून त्याच्यासाठी शर्ट आणताना आधी मागची बाजू बघायची. "लांब बघूनच घेते," ती म्हणायची, "कापल्यावर निदान पँटमध्ये खोचता तरी येतो."

थोरला भाऊ विल्बर्ट याचं शेपूट भिंतीवर एकही नव्हतं. एकदाच, अठ्ठ्याहत्तर साली, सहा-सहा फाट्यांच्या शिंगांचा नर त्याच्यासमोर उभा असताना बंदूक नुसती फुसकली होती. विल्बर्टनं परत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "डेलमारनं आणलेली दारूच भिकार होती." एकोणीस वर्षांचा डेलमार मान खाली घालून बसला. वडिलांनी त्याच्याकडे नुसतं एकदा बघितलं. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं तीन जातींची दारू विकत घेतली आणि कोठारामागे फळ्या उभ्या करून तो चाचण्या घेत सुटला. तो अजून थांबला नव्हता.

यंदा गोष्ट वेगळी होती. ऑक्टोबरातच विल्बर्टनं फर्मान काढलं होतं. "बाबांची बंदूक आता मला झेपत नाही. या हंगामात तिनं हरीण मारलंस तर ती तुझी. नाहीतर ओहायोला माझ्या जावयाकडे जाईल. तो निदान मारतो तरी."

त्या बंदुकीचा दस्ता वडिलांनी घरच्या मेपलचा केला होता. त्याला पॉलिशपेपर डेलमारनं घासला होता, वय वर्षं नऊ. ती ओहायोतल्या कुठल्याशा दिवाणखान्यात टांगलेली बघणं त्याला सहन झालं नसतं.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो बाबांची बंदूक घेऊन केबिनपासून हाकेच्या अंतरावर, ओढ्याच्या वर एका पडलेल्या ओकला टेकून बसला. घोटाभर बर्फ होतं. डाव्या खिशात छोट्या नळीत मोजलेली सत्तर ग्रेन वजनाची बारीक दारू, उजव्या खिशात ऐंशी ग्रेन जाड. रात्रभर विचार करूनही निर्णय झाला नव्हता. हवा कोरडी आहे, मग बारीक. पण थंडी फार, मग जाड. पण हरीण जवळून आलं तर? विचार करता करता त्यानं पलंगपोसाच्या चिंधीला चरबी लावली, गोळी तोलून निवडली, बंदुकीच्या तोंडात बसवली, गजानं खालपर्यंत ठासली, चापावरच्या छोट्या पेल्यात ठिणगी पकडणारं चिमूटभर रंजक घातलं आणि हरणाची वाट बघायला लागला.

नऊच्या सुमाराला एक धष्टपुष्ट हरणी आली आणि तीस पावलांवर आडवी उभी राहिली. डेलमारनं श्वास रोखला आणि चाप ओढला.

पेल्यातलं रंजक भक्कन पेटलं. पुढे काहीच नाही.

हरणीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. डेलमारनं आधी डावा खिसा चाचपला. सत्तर ग्रेन जागच्या जागी. मग उजवा. ऐंशीही शाबूत.

"शाब्बास, मास्तर," तो स्वतःला म्हणाला.

आता उपाय एकच होता. पेल्यातून नळीत जाणाऱ्या बारीक भोकातून सुईनं थोडं थोडं रंजक आत सारायचं आणि गोळी कशीबशी बाहेर उडवायची. पाच मिनिटं तो खुडबुडत बसला. हरणी गेली नाही. अशी करमणूक तिला जन्मात मिळाली नसावी. शेवटी बंदूक 'फुस्स' झाली, गोळी दहा पावलांवर बर्फात पडली आणि मगच हरणी सावकाश, शेपूट वर करून, निघून गेली. डेलमारनं जाऊन गोळी उचलली. तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

केबिनकडे चालताना त्याच्या मनात आलं, नेम चुकला म्हणून सांगावं. विसावं शेपूट जाईल, पण अब्रू राहील. दारू निवडणारा मास्तर दारूच घालायला विसरला, हे गावाला कळलं तर खिळेसुद्धा कुणी विचारून घेणार नाही. पण बंदूक तर दोन्हीकडून जाणारच होती. मग खोटं तरी कशाला?

विल्बर्ट शेगडीजवळ बटाटे सोलत होता. डेलमारनं दोन्ही भरलेल्या नळ्या आणि ती गोळी टेबलावर ठेवली.

"तीस पावलांवर होती, विल. मी गोळी ठासली, दारू घातलीच नाही. कुठली घालू याचा विचार करत बसलो होतो. हस आता."

विल्बर्ट हसला नाही. सुरी खाली ठेवून त्यानं दोन्ही नळ्या उजेडात धरून बघितल्या.

"आवाज आला मला," तो म्हणाला. "फुस्स. तो आवाज मला ओळखता येतो."

"कसा काय?"

"अठ्ठ्याहत्तर साली मीही घातली नव्हती." विल्बर्टचं लक्ष बटाट्यांत होतं. "तुझी दारू चांगली होती, डेलमार. बाबांसमोर सांगायची लाज वाटली. नंतर सांगू म्हटलं, पण नंतर तू इतका मन लावून त्या दारूच्या मागे लागलास..."

डेलमार बाकावर बसला. कोठारामागच्या फळ्या, तीनशे चाचण्या, लोरेटाचे फाडलेले पलंगपोस.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" तो म्हणाला. "आणि मी गाढव एकेचाळीस वर्षं तुझं अंगण सपाट करत बसलो!"

त्याला हसू फुटलं. मग बाबांनी त्या दिवशी टाकलेली नजर त्याला आठवली. ती आता परत घ्यायला बाबा नव्हते.

"बंदूक कधी पाठवतोयस ओहायोला?" त्यानं विचारलं.

"कुठल्या तोंडानं पाठवू?" विल्बर्ट गुडघ्यांवर हात टेकून उठला. त्यानं खिळ्यावरची कात्री काढून डेलमारच्या हातात दिली, पाठ वळवली आणि आपल्या शर्टाचं शेपूट पँटमधून स्वतःच ओढून बाहेर काढलं.

"साल नीट लिही," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "अठ्ठ्याहत्तर."