डॉक्टर साठ्यांची डायल

“काका, ह्यो पट्टा परत घ्या. मला नाय लागत आता.”

कडावच्या मिलिंदने नवा चामडी पट्टा काउंटरवर ठेवला. वडिलांच्या घड्याळासाठी त्यानेच तो आठवड्यापूर्वी हौसेने निवडला होता. खोपोलीच्या एका कारखान्यात त्याचं सिलेक्शन झालं होतं. मेडिकल तेवढं बाकी होतं.

“का रे? काय झालं?”

“अनफिट केलं. नाडी एकशे चार. शंभरच्या वर घेत नाय म्हनं. भाताचं पोतं घेऊन शेताचा चढ चढतो, तरी मला धाप लागत नाय काका. आन् हे म्हनतात, छातीत काय तरी आसंल. आयनं कालपासनं अन्नाला हात लावला नाय.”

“तपासलं कुणी?”

“साठे डॉक्टरांनी. तुमचं लय कौतुक करत व्हते. माझं मनगट धरून म्हनाले, कर्जतच्या दळव्यांनी घड्याळ बघ कसं नव्यासारखं करून दिलंय.”

कौतुकाने मला इतका घाम कधीच फुटला नव्हता.

साठे डॉक्टर त्या कारखान्याचे डॉक्टर. त्यांच्याकडे एक जुना स्विस क्रोनोग्राफ होता. क्रोनोग्राफ म्हणजे असं घड्याळ, ज्यात एक लांब सेकंदकाटा एरवी बारावर गप्प उभा असतो. बटण दाबलं की सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो. डायलच्या कडेला आकड्यांची एक पट्टी असते. मोटारवाल्यांच्या घड्याळात ती वेग सांगते, डॉक्टरांच्या घड्याळात नाडी. बटण दाबायचं, ठरलेले ठोके मोजायचे, पुन्हा बटण दाबायचं. काटा ज्या आकड्यावर थांबेल ती मिनिटाची नाडी. गुणाकार नाही, भागाकार नाही.

हे घड्याळ सर्व्हिसिंगला आलं तेव्हा त्याच्या डायलवर दमट हवेने तपकिरी डाग पडला होता. माझ्याकडे त्याच कंपनीचं एक भंगार घड्याळ होतं. मशीन गंजलेलं, डायल मात्र आरशासारखी. मी दोन्ही डायली शेजारी ठेवल्या. आकार तोच, दोन छोटी वर्तुळं तिथेच, आकड्यांचं वळण तेच, कडेची पट्टीही निळीच. डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात, तेही मशीनच्या भोकांत बरोबर बसले. आमच्या धंद्यात पाय बसले की लग्न जमलं! डॉक्टरांना सरप्राइज द्यावं म्हणून मी डायल बदलली आणि घड्याळ त्यांच्या हाती दिलं. ते इतके खूश झाले की डायल बदललीय हे सांगायचं राहूनच गेलं.

आता मी जुनी डायल डबीतून काढली आणि डोळ्याला भिंग लावलं. खाली फ्रेंचमध्ये एक बारीक ओळ होती. ती मी आजवर शोभेची समजत आलो होतो. त्या ओळीत आकडा होता पंधरा. म्हणजे पंधरा ठोके मोजा. पट्टीवरचा साठ तीनच्या घरासमोर होता, पंधरा सेकंदांवर. नव्या डायलवर तो चारच्या घरासमोर होता, वीस सेकंदांवर. हे मला पक्कं आठवत होतं, कारण डायल बसवताना मनात आलं होतं, इथे साठ किती छान दिसतो!

म्हणजे नवी डायल वीस ठोक्यांची होती आणि डॉक्टर सवयीने पंधराच मोजत होते. काटा लवकर, म्हणजे मोठ्या आकड्यावर थांबत होता आणि सगळ्या तालुक्याची नाडी पळत सुटली होती.

“लिस्ट कधी लागणार आहे?”

“आज सांजच्याला.”

दुकान बंद केलं, हत्यारं पिशवीत घातली आणि मिलिंदला घेऊन खोपोलीची गाडी धरली. डॉक्टरांकडे काम आहे, एवढंच त्याला सांगितलं. खरं सांगायचा धीर होईना. वीसच्या जागी पंधरा, या हिशोबाने त्याची नाडी अठ्ठ्याहत्तर येत होती. पण माझा हिशोब कसला असतो ते एव्हाना कळलंच होतं. आणि पोराच्या छातीत खरंच काही असलं तर? पळसदरी स्टेशन आलं तरी माझी पानाची सुपारी तोंडात तशीच होती.

डॉक्टर दवाखान्यातच होते.

“या दळवी! अहो, हा काय अवतार? बसा.” त्यांनी माझं मनगट धरलं, बटण दाबलं. त्यांचा चेहरा उतरला. “एकशे चाळीस! झोपा आधी. सिस्टर, इंजेक्शन तयार ठेवा.”

“डॉक्टर, मला काही झालेलं नाही. तुमच्या घड्याळाला झालंय.”

“सगळे पेशंट असंच म्हणतात. बोलू नका.”

सुई उकळत्या पाण्यातून निघायच्या आत मी जुनी डायल आणि भिंग त्यांच्या हातात कोंबलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी दोन्ही डायली वाचल्या. मग पुन्हा एकदा वाचल्या.

“कुणाला विचारून बदललीत?”

“कुणालाच नाही.”

“तुम्हाला न विचारता मी तुमचं अपेंडिक्स काढलं तर चालेल?”

माझ्या हातातलं साधं घड्याळ काढून घेत त्यांनी माझी नाडी पुरं मिनिट मोजली. “एकशे पाच. घाबरलायत ते मात्र खरं आहे. तेही योग्यच आहे.”

मग त्यांनी मिलिंदला बसवलं. पुन्हा पुरं मिनिट. काटा एकेक घर सरकत होता, डॉक्टरांचे ओठ हलत होते. माझीच नाडी कानात इतकी वाजत होती की त्यांना त्रास होईल असं वाटलं.

“अठ्ठ्याहत्तर.”

“म्हंजे?” मिलिंदने मला विचारलं.

उत्तर डॉक्टरांनी दिलं. “म्हणजे तुझ्या छातीत काही नाही. बिघाड यांच्या डोक्यात होता.”

त्यांनी लगेच ऑफिसात फोन करून लिस्ट थांबवली. शंभरच्या वर गेलेल्या बाकीच्यांनाही परत बोलवायला सांगितलं. मी त्यांच्याच टेबलावर फडकं अंथरून डागाची डायल परत बसवली. एक स्क्रू उडून चिवड्याच्या बशीत गेला, तो सिस्टरांनी शोधून दिला.

घड्याळ हातात पडताच डॉक्टरांनी पाठ फिरवली आणि गुपचूप स्वतःची नाडी मोजली.

“किती?” मी भीत भीत विचारलं.

“बहात्तर.”

“चांगली आहे ना?”

“चांगली आहे हो! पण तुम्ही घड्याळ दिल्यापासून रोज शहाण्णव लागतेय. चहा सोडला, पत्ते सोडले, बायकोला न सांगता मृत्युपत्राचा विचार करत होतो!” त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, “सिस्टर, चार चहा सांगा. दळव्यांचा बिनसाखरेचा.”

मी तो निमूट प्यालो.

मिलिंद दुसऱ्या दिवशी पट्टा न्यायला आला. सोबत आईने दिलेले तांदूळ होते. ते घेताना मला लाज वाटली, पण घेतले. तेव्हापासून डायलवरचं अक्षर न् अक्षर वाचतो आणि कळलं नाही तर विचारतो. डाग पडलेली डायल काही चुकीचं सांगत नाही. त्यासाठी घड्याळजी लागतो.