न थांबलेले हात

तंबाखूच्या कारखान्यातल्या काळ्या बायकांचा संप चर्चच्या भिंतीवर रंगवायचं ठरलं, तेव्हा म्हातारी ओडेसा पेटीफोर्ड धास्तावली. संपातल्या बायकांपैकी आता ती एकटीच उरली होती. वस्तीतले लोक तिला मानायचे, रविवारी पुढच्या बाकावर बसवायचे. आणि हा मान तिने चक्क चोरलेला होता.

चित्र काढणार होती रेनिटा. कारखान्यात ओडेसाच्या शेजारी बसणाऱ्या ल्युव्हेनियाची नात.

"मिस ओडेसा, चेहरे मी फोटोवरून काढीन. हात मात्र तुमचे हवेत," ती म्हणाली. "आजी सांगायची, संप सुरू करायची खूण झाली आणि सगळ्यांचे हात पानांवर जागच्या जागी थांबले. कसे ते दाखवा की."

तिने तंबाखूचं पान पुढे केलं. ओडेसाने ते घेतलं आणि कारखान्यात दिवसभर करायची तशी सर्रकन पानाची मधली शीर ओढून काढली.

"अहो, थांबवायचे ना हात!" रेनिटा हसली. दुसऱ्या पानाचंही तेच झालं. तिसऱ्याला म्हातारी रडायलाच लागली.

"मला नाही गं येत. माझे थांबलेच नव्हते."

त्या दिवशी मुकादम समोर येऊन उभा राहिला आणि ओडेसाचं अवसान गळालं. मान खाली घालून ती शिरा ओढत राहिली. 'हिला जमतं, मग तुला काय धाड भरली?' म्हणत त्याने ल्युव्हेनियाला तिथल्या तिथे हाकललं. पुढे बायकांनी संप जिंकला, पण ल्युव्हेनियाला कुणी परत घेतलं नाही. ती जन्मभर गोऱ्यांचे कपडे धूत राहिली. 'ओडेसाच्या पदरात पोर आहे, कुणी तिला बोलायचं नाही,' असं बाकीच्या बायकांना तिनेच बजावलं होतं.

"आजी मला हे कधी बोलली नाही," रेनिटा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

"ती नाहीच बोलायची. तू काढ. होते तसेच काढ."

चित्र खुलं झालं त्या रविवारी सगळे तळलेल्या माशांच्या ताटल्या घेऊन भिंतीसमोर जमले.

"अगं रेनिटा, इथे चुकलीस की!" चर्चचा कारभार बघणारा डीकन रूफस ओरडला. "सगळ्या हात थांबवून बसल्यात आणि ही एकटी कामाला जुंपलीय. कोण ही भवानी?"

लोक हसले. रेनिटा ब्रश पुसत राहिली, तिने मान वर केली नाही.

ओडेसाने ताटली खाली ठेवली आणि हात वर केला.

"मी," ती म्हणाली. "आणि माझ्यापायी जिचं काम गेलं, ती ही शेजारची. ल्युव्हेनिया."