दुसरीचा होकार

अकोल्याच्या जठारपेठेत राहणाऱ्या माधवीताई आकाश बघत ते भर दुपारी, खिडक्या लावून, संगणकासमोर बसून. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या आणि अमरावतीची त्यांची मैत्रीण रागिणी लघुग्रह शोधण्याच्या एका मोहिमेत शिरल्या. परदेशातल्या दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्याथोड्या वेळाने घेतलेले चार फोटो येत. ते एकामागून एक फिरवले की तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका तेवढा सरकतो. तो आधी कुणी कळवला नसेल, तर शोध तुमचा.

फोन स्पीकरवर ठेवून दोघी एकच संच बघत. एकीला ठिपका दिसला की दुसरी शंका काढी. दुसरीने होकार दिल्याशिवाय अहवाल पाठवायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे पुष्कळ खोटे ठिपके गळले. खरा मात्र एकही हाती लागला नव्हता.

मग रागिणी मुलाकडे बंगळुरूला गेली.

मार्चमधल्या एका सोमवारी माधवीताईंना ठिपका दिसला. चारही फोटोंत, सरळ रेषेत. माहीत असलेल्या लघुग्रहांत तो नव्हता. त्यांनी रागिणीला फोन केला, तो उचलला गेला नाही म्हणून फोटो धाडले आणि वाट पाहिली. उत्तर शुक्रवारी आलं: ‘नातवाले ताप होता. ठिपका पक्का हाय. धाडून दे.’

तोवर तोच संच बघणाऱ्या दुसऱ्या गटाचा अहवाल गेला होता.

‘तू थांबली कावून?’ रागिणी फोनवर चिडली.

‘नेम होता नं आपला.’

‘अठराशे एकमध्ये पहिला लघुग्रह सापडला, तवा त्या पियाझ्झीनंही कळवाले आठवडे लावले. पण त्याच्या वक्ताले इंटरनेट नव्हतं, माय! तुह्या घरी वायफाय हाय.’

दोघी हसल्या.

‘पुढचा संच कधी पाहू?’ माधवीताईंनी विचारलं.

‘मले आता नाही जमत व. इथं दिवस कसा जाते समजत नाही. तू एकटीच पाहत जाय.’ पलीकडून कुणीतरी आजीला हाक मारली आणि फोन बंद झाला.

पुढच्या संचात डाव्या कोपऱ्यात काहीतरी सरकलं.

‘कॅमेऱ्याचा डाग असंल,’ माधवीताई मोठ्याने म्हणाल्या.

मग त्यांनीच उत्तर दिलं, ‘डाग सरकत नाही.’

‘उजेड कमी-जास्त होते का?’

‘नाही.’

आणखी शंका सुचेना. त्यांनी अहवालात एकटीचं नाव लिहिलं आणि तो धाडून दिला.