व्यसनमुक्तीचा सत्कार

माणसानं दारू सोडली तर त्याला पोटभर जेवू घाला, हवं तर दोन शब्द बरे बोला, पण त्याचा सत्कार करू नका. हे मी आमच्या वसाहतीत कधीच सांगितलं असतं, पण मला माईक कोण देतो!

आमच्याकडे सत्काराचं भारी वेड. पोरगं दहावी पास झालं, सत्कार. कुणी रिटायर झालं, सत्कार. एकाचं पित्ताशयाचं ऑपरेशन नीट पार पडलं तर त्यालाही वसाहतीतल्या बुद्धविहारात शाल मिळाली. मग माझ्या नवऱ्यानं दारू सोडली म्हटल्यावर त्याला कोण सोडतंय?

ती सुटली कशी, ते आधी सांगते. वाळूजच्या एका कंपनीत तो फिटर. दर रविवारी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायचा, दारू न पिण्याच्या पाचव्या शीलापाशी आवाज खाली घ्यायचा आणि संध्याकाळी पिऊन यायचा. हात थरथरायला लागले तेव्हा मी आणि माझ्या भावानं त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "ओढ कमी करायची गोळी रोज घ्यायची, समुपदेशनाला यायचं आणि जोडीला योग, ध्यान." जोडीला! हा शब्द मी नीट ऐकला होता. बाकी कुणी ऐकला नाही.

विहाराच्या हॉलमध्ये सकाळी योगाचा वर्ग भरतो, तिथं तो जायला लागला. खोटं कशाला बोलू, फरक पडला. झोप लागायला लागली. तलफ आली की डोळे मिटून श्वासाकडे बघत बसायचा. "ती येती अन् जाती, आपण नुसतं बघायचं," असं मला समजावायचा. मी भाकरी थापत हो म्हणायचे. एवढा तापट माणूस असा शांत बसलेला बघून मला रडू यायचं.

मग विहाराच्या वर्धापनदिनाला सत्कार झाला. शाल, गुलाबाचा गुच्छ, भाषणं. "नुसत्या योगानं, एकाही औषधाविना!" असं एकानं माईकवर ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. मी नवऱ्याकडे बघितलं तर तो मान खाली घालून बसलेला. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. पद्मासनातला त्याचा फोटो आणि वर तेच वाक्य. सगळ्यांनी मिळून माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि घरी गेले.

त्यानंतर व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात जायचा दिवस आला की नेमकी त्याला कामं निघायची. गोळी मी पोह्यांच्या बशीशेजारी ठेवायचे, ती रोज जागेवरून गेलेली असायची, म्हणून मी निर्धास्त होते. एका सकाळी त्याची योगाची चटई गच्चीवर झटकायला घेतली तर आतून गोळ्या टपटप खाली पडल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, हे काय?"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू द्या!"

"अगं, दवाखान्याच्या बाकड्यावर मला कुणी बघितलं तर? फ्लेक्सवर काय लिव्हलंय, वाचलं नाय व्हय तू?"

"बीपीची गोळी घेता, ती लपवता का?"

"तिच्यासाठी माझा कुणी सत्कार नाय केला."

हे ऐकून मला जास्तच संताप आला. तशीच विहारात गेले आणि फ्लेक्स काढा म्हटलं. कमिटीवाले म्हणाले, "ताई, चांगल्या कामात खोडा घालू नका. समाजाला प्रेरणा मिळती." योग शिकवणारे सर म्हणाले, "मी तर कुणालाच गोळ्या सोडा म्हणलो नाय." खरं होतं ते. पण त्या दिवशी टाळ्या वाजवताना तेही काही बोलले नव्हते. मी कपाळाला हात लावून घरी आले.

गेल्या आठवड्यात भर दुपारी एक बाई आमच्या दारात उभी. करमाडहून आली होती, चौकात पत्ता विचारत विचारत. तिच्या नवऱ्यानं आमचा फ्लेक्स बघितला, घरी जाऊन आपल्या गोळ्या नाल्यात फेकल्या आणि आता तो परत रोज पितोय. पदरानं घाम पुसत तिनं विचारलं, "भाऊनं कोणतं आसन केलं, तेवढं सांगा. त्याला बी तेच करायला लावते."

नवऱ्याला सुट्टी होती, तो समोरच बसला होता. उत्तर माझ्या अगदी ओठावर होतं. पण म्हटलं, नाही, हे यांनीच सांगायचं.

"ताई, आसनानं नाय सुटली," शेवटी तो म्हणाला. "गोळ्या चालू व्हत्या, म्हणून श्वास बघत बसता आलं. आता मी बी सोडल्यात गोळ्या. परवा कंपनीतून येताना दारूच्या दुकानासमोर गाडी लावली. डोळे मिटले, श्वास बघितला, पण ओढ काय जाईना. आत पाय ठेवला व्हता. ओळखीचा एकजण दिसला, म्हणून माघारी आलो."

हे मला ठाऊक नव्हतं. एका घरात राहून, रोज समोर ताट वाढून मला ठाऊक नव्हतं, आणि करमाडच्या बाईला उंबऱ्यात उभ्या उभ्या कळलं. मला राग आला, भीती वाटली आणि जीव भांड्यातही पडला. ती बाई तर रडायलाच लागली.

"उद्या तुमच्या मालकाला घेऊन दवाखान्यात या," तो तिला म्हणाला. "मी बी येतो. तिथं एकट्यानं बसायची मला लई लाज वाटती."