गनीभाऊच्या गाडीतली सीट

उंद्रीतल्या अब्दुल गनीच्या घरचं ते भांडण बत्तीस वर्षांपूर्वीचं. पण शेजारच्या सत्यभामाबाईंनी भिंतीला कान लावून ऐकलेलं, म्हणून अजून ताजं आहे.

गनी गादीवाला. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, टेम्पोत रचून गावोगाव पोचवायच्या. बायकोला, बानोला, त्यानं त्याच टेम्पोत गाद्यांच्या ढिगावर बसवून धामणगाव बढ्याला माहेरी नेलं.

"सारी गल्ली हासून राह्यली होती," परत आल्यावर बानो रडत सांगत होती. "म्हणे, गादी उतरली का पोरगी उतरली? आता मी येष्टीनंच जाईन."

"मोटार घेतली तं बसशीन?"

"घ्या तं अगोदर!"

घ्यायला बत्तीस वर्षं लागली. चिखलीत गाद्या-सोफ्यांचं दुकान झालं, मुलगा जुनेद हाताशी आला, तेव्हा कुठं ती काळी, लांबलचक, परदेशी नावाची गाडी दारात उभी राहिली. तोवर बानोची कंबर गेली होती. येष्टीचे धक्के सोसेनात, म्हणून दोन वर्षं तिनं माहेर पाहिलं नव्हतं. आणि तिकडं नव्वदीची अम्मी रोज फोनवर एकच विचारायची, "कधी येतीस?"

गाडीचं गनीला भारी अप्रूप. दार लावलं की उशीवर उशी पडावी तसा आवाज. काच वर केली की गावातला भोंगाही लांबच्या गावचा वाटे. मात्र गतिरोधकाला गाडीचं पोट घासलं की हा उतरून खाली वाकून बघे. आणि ती सीट! सारखा दाबून बघायचा.

"काय चाचपून राह्यले गनीभाऊ?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "गाभण म्हैस घेतली का?"

पहिल्याच फेरीला बानो चिखलीच्या अलीकडे उतरली, कंबर धरून रस्त्यात उभी. "गाडी चांगली हाय, जुनेदचे अब्बा. पण बसवत नाही."

जुनेदनं बटणं दाबून सीट पुढं केली, मागं केली, वर केली, खाली केली.

"बेटा, मले झुल्यात नाही बसाचं," बानो म्हणाली. "मले माहेरी जाचं हाय."

त्या दिवशी गनीला जेवण गेलं नाही. साऱ्या तालुक्याच्या पाठी ज्यानं निजवल्या, त्याच्याच बायकोला त्याच्याच गाडीत बसता येऊ नये? आत भरलंय तरी काय? सकाळी त्यानं ब्लेड घेतलं आणि बानोच्या सीटची बाजूची शिवण उसवली. आत बोट घातलं. स्पंज! चिमूटभर काढून नाकाशी नेला, चुरला, फुंकर मारून पाहिली.

"एवढ्या मोठ्या गाडीत कापसाचं एक बोंड नाही बे!" तो जुनेदला म्हणाला.

मग बारीक सुईनं त्यानं शिवण होती तशी घातली. गाडी सुरू केली, तर समोर लाल दिवा.

शोरूमचा मेकॅनिक वाकून बघू लागला. "चाचा, सीटमध्ये एअरबॅगची वायर असते. कोणी उसवली?"

"उंदरानं."

"आन् शिवली कोणी?"

मेकॅनिकनं टाक्यांवरून बोट फिरवलं. "कंपनीपेक्षा सुबक टाके हायेत उंदराचे."

दिवा विझला, पण सीटला पुन्हा हात लावायचा नाही अशी तंबी मिळाली. मग गनीनं बाहेरूनच इलाज केला. कापूस हातानं पिंजून कमरेमागं बसेल एवढी गादी शिवली. बानो टेकली. "टोचते." उसवून पुन्हा भरली. "आता फुगली." पुन्हा उसवली. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी बानो टेकली आणि नुसतं "चला" म्हणाली.

चिखली गेली, बुलढाणा गेलं. घाटात गनी दर वळणाला विचारी, "दुखते का?" एका वळणावर विचारता विचारता त्यानं वळून बघितलं. बानो झोपली होती. त्यानं गाडी पार बैलगाडीच्या चालीवर आणली. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवोत.

धामणगावात बानो ताठ उतरली आणि वळूनही न बघता अम्मीच्या खाटेशी गेली. तिथूनच आवाज आला, "जुनेदचे अब्बा, मी आठ दिवस राहीन. घ्याले या."

"येष्टीनं येत नाही?"

"या म्हणलं ना!"

सासुरवाडीला आला की चहा पिऊन गनी अम्मीसाठी विड्याची पानं आणायला जाई. आजही गाडी तिथंच सोडून, पिशवी घेऊन पायी निघाला. कोवळी पानं एकेक निवडून घेतली, काताची पुडी घेतली, आणि चुना राहिला म्हणून अर्ध्या वाटेतून माघारी वळला. दरवेळी राहतोच.