देवरे सरांची दुसरी निधनवार्ता

देवरे सरांना मी पाच महिन्यांपूर्वी एकदा मारलं होतं.

आज ते खरंच गेले.

ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शालिमारजवळ दोन खोल्यांचं ऑफिस, एक स्कूटर आणि लाल पेन. नाशिकमध्ये पीआर हा शब्द कोणाला माहीत नव्हता तेव्हापासून सर तेच काम करत होते. प्रेसनोट स्वतः लिहायचे आणि स्वतः पेपरच्या ऑफिसात नेऊन द्यायचे.

मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा मास कॉमची डिग्री होती आणि डोक्यात हवा होती. पहिला महिनाभर त्यांनी मला फक्त निधनवार्ता लिहायला लावल्या. क्लायंटच्या ओळखीत कोणी गेलं की सर ती फुकट करून द्यायचे.

नियम एकच. गेलेल्या माणसाच्या घरी फोन करायचा. घरातल्या दोन माणसांशी बोलायचं. मगच लिहायचं.

मी कागद समोर ठेवला की मान वर न करता विचारायचे, "खात्री केली का?"

एकदा मी सातपूरच्या एका घरातली विधवा सून मागे राहिलेल्यांच्या यादीत लिहायची विसरले. सर ओरडले नाहीत. दहाव्याला मला पंचवटीत घेऊन गेले, सगळ्या भाऊबंदांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "हिने तुमची सून खाल्ली. आता ही माफी मागेल."

मी मागितली. ती सून माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाकडे राहायचं नाही. तरी चार वर्षं राहिले. मग सोडलं, आणि जाताना त्यांचा सगळ्यात मोठा क्लायंट घेऊन गेले.

कॉलेज रोडला काचेचं ऑफिस टाकलं. रील्स, इन्फ्लुएन्सर, सगळं. भिंतीवर लिहून घेतलं: आधी टाका, मग दुरुस्त करा.

मग एका कॉलेजने मला "बदलत्या काळातला पीआर व्यवसाय" यावर बोलायला बोलावलं. माझ्या तिसऱ्या स्लाइडवर सरांच्या स्कूटरचा फोटो होता. हँडलला प्रेसनोटची पिशवी. वर मोठ्या अक्षरात: हे करू नका.

हॉल हसला.

सर दुसऱ्या रांगेत होते. कॉलेजने त्यांनाही बोलावलंय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगू? माहीत असतं तरी मी ती स्लाइड काढली नसती.

चहाच्या वेळी जवळ आले. "वैशाली, ती स्कूटर मी दोन वर्षांपूर्वीच विकली. खात्री केली का?"

एवढंच बोलून बिस्किट घेतलं आणि गेले.

पाच महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला. आयसीयूत आहेत कळलं तसं मी ऑफिसात सांगितलं, श्रद्धांजलीची पोस्ट तयार करून ठेवा. ब्लॅक अँड व्हाइट फोटो, खाली आमचा लोगो. हो, लोगो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीडियाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "देवरे सर गेले."

मी म्हणाले, "टाक."

सगळ्यात आधी आम्ही टाकली. मला आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

सरांची मुलगी मेघा तेव्हा पुण्याहून एसटीने येत होती. सिन्नरला गाडी थांबली आणि तिने मोबाइल उघडला. ती स्टँडवर उतरली आणि तिथेच बाकावर बसली. आई आयसीयूत बाबांजवळ, आईचा फोन बंद.

तासाभराने काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, मला फोन आला. काकू मूळच्या देवळ्याच्या.

"जित्ते हायेत ते अजून. काढ ते."

तोवर देवळ्याहून भाऊबंद हार घेऊन जीपने निघाले होते. हॉस्पिटलच्या दारात त्यांना कळलं. हार जीपमध्येच ठेवून ते सरांना बघून गेले.

मेघा मला एकदाच बोलली. "तासभर मी बाबांना मेलेलं समजून बसले होते, ताई. तुझ्या लोगोकडे बघत."

वॉर्डात आल्यावर सरांनी ती पोस्ट मागवली. मोबाइलवर नको म्हणाले, प्रिंट काढायला लावली.

मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी दारातच पाकीट दिलं. "आत नको येऊ. तेच म्हणले."

पाकिटात माझी पोस्ट होती, लाल पेनाने तपासलेली.

"दूरदृष्टीचे" कापलेलं. "भावपूर्ण" कापलेलं. "कधीही न भरून येणारी पोकळी" याच्या शेजारी लिहिलेलं, "कुठे?" नातीचं नाव राहिलं होतं, ते घातलेलं.

माझं शेवटचं वाक्य होतं: "मी त्यांची लाडकी विद्यार्थिनी."

त्याखाली रेघ, आणि समासात तेच अक्षर.

खात्री केली का?

त्यानंतर मी दोनदा घरी गेले. दोन्ही वेळा घरचे "झोपलेत" म्हणाले. दुसऱ्या वेळी मी बेल वाजवली आणि आतला बातम्यांचा आवाज बंद झाला.

भिंतीवरचं वाक्य मी पुसून घेतलंय. नवीन मुलं पहिला महिना निधनवार्ता लिहितात. मला शिव्या घालतात. सरांना हे कळवायचं होतं. ते राहिलं.

आज सकाळी पुन्हा ग्रुपवर आलं. मी मेघाला फोन केला.

"हो ताई. सात वाजता."

मला तिथे थांबता आलं असतं. पण एकच माणूस झालं होतं. मी म्हणाले, "मेघा, काकूंना देतेस?"

तिने फोन दिला.

काकू म्हणाल्या, "गेले गं पोरी. आता टाक."

ज्येष्ठ जनसंपर्क सल्लागार देवरे सर यांचं आज सकाळी राहत्या घरी निधन झालं. त्यांच्या मागे पत्नी, मुलगी मेघा, जावई आणि नात सई असा परिवार आहे. अंत्यसंस्कार दुपारी पंचवटीत होतील.

शेवटचं वाक्य काढलंय, सर.

नमस्कार.